बंद केलेली खिडकी बंद नव्हती: पिकरमुळे माया उडण्याचं एक प्रकरण

तक्रार आली ती अशी: "दादा, पिकर उघडला की माया उडते."

माया म्हणजे आमचं थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, आणि उडते म्हणजे अचानक बंद पडते. ॲनिमेशनच्या खोलीतून येणारी तक्रार नेहमी अशीच असते. एक ओळ, आणि त्या ओळीतला अर्धा भाग हमखास चुकीचा. या वेळी चुकीचा भाग होता 'उघडला की'. ते कळायला मला चार दिवस लागले. पिकर मीच लिहिलेला होता, त्यामुळे त्यातला दीड दिवस दोष दुसरीकडे आहे हे सिद्ध करण्यात गेला, हेही आधीच कबूल करून टाकतो.

आमचं काम मालिकेचं. रोजचे शॉट, ठरलेली पात्रं, तीच रिग, म्हणजे पात्राला हलवणारा सांगाडा. ऑटोडेस्क माया २०२२, विंडोज १०. पिकर म्हणजे एक छोटी खिडकी: पात्राच्या चेहऱ्याचं आणि हातापायांचं चित्र, त्यावर बटणं. बटण दाबलं की सीनमधला तो कंट्रोल, म्हणजे पात्राचा तो भाग हलवायची मूठ, निवडला जातो, आणि सीनमध्ये कंट्रोल निवडला की पिकरमधलं बटण उजळतं. खाली पोझच्या थंबनेलची एक पट्टी. पायथॉनमध्ये लिहिलेलं, पायसाइड२ ही लायब्ररी वापरून. असा पिकर जवळजवळ प्रत्येक स्टुडिओत कुणी ना कुणी लिहिलेला असतोच.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अशी खिडकी हा वेगळा प्रोग्राम नसतो. २०११च्या आवृत्तीपासून मायाचा सगळा इंटरफेस क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीवर चालतो, आणि आपली खिडकी त्याच क्यूटीत, त्याच प्रक्रियेत, त्याच मेमरीत राहते. ब्राउझरमधला एक टॅब पडला तरी बाकीचे टिकतात. इथे तशी भिंत नाही. आपण पायथॉनमध्ये लिहितो तेव्हा वाटतं की चुकलं तर लाल अक्षरांत एरर येईल आणि विषय संपेल. बहुतेक वेळा तसंच होतं. पण क्यूटीच्या आणि मायाच्या पायथॉनमधल्या वस्तूंमागे सी प्लस प्लसची एक खरी वस्तू असते, आणि ती मागच्या मागे नाहीशी झाली असेल तर कधीकधी पायथॉनला एरर द्यायची संधीच मिळत नाही. मग ऑपरेटिंग सिस्टिम ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावलास, असं म्हणते आणि मायासकट सगळं खाली येतं.

पहिला दीड दिवस

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच केली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. काही झालं नाही. मग प्रेफ्सच्या फोल्डरचं नाव बदललं, म्हणजे माया कोऱ्या सेटिंगसह उघडते. आणि चमत्कार! दुपारपर्यंत एकदाही उडाली नाही. मी विजयी मुद्रेने सगळ्यांना निरोप पाठवला की प्रेफ्स खराब झाले होते, आपापले बदलून घ्या.

संध्याकाळी पुन्हा तेच. कारण नंतर कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. शेल्फवरची, म्हणजे मायातल्या बटणपट्टीवरची, बटणं प्रेफ्सच्याच फोल्डरात राहतात. प्रेफ्स कोरे केले की पिकरचं बटणही गेलं. सकाळभर कुणी पिकर उघडलाच नव्हता, म्हणून माया टिकली. दुपारी जेवणानंतर कुणीतरी बटण परत बनवून घेतलं आणि सगळ्यांना देऊन टाकलं.

क्रॅशच्या फाइलही पाहिल्या. माया पडताना शक्य झालं तर 'फेटल एरर, अटेम्प्टिंग टू सेव्ह' असा संदेश देते आणि सीनची प्रत टेम्प फोल्डरमध्ये टाकते. त्या प्रती ताज्या मायात उघडल्या, पिकर लावला, बटणं दाबली. ठणठणीत. म्हणजे सीन खराब नव्हता. माझ्या मशीनवर तर माया कधीच पडत नव्हती, आणि हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. माझ्याकडे चालतं आणि तिच्याकडे नाही, तर फरक मशीनमध्ये असेल असं मी धरून चाललो. फरक वापरण्यात होता.

मध्ये आमच्या एका ज्युनियरने मदत म्हणून पिकरच्या प्रत्येक फंक्शनभोवती ट्राय-एक्सेप्ट घातलं आणि आत फक्त पास लिहिलं, म्हणजे एरर आला तर पकड आणि काहीही करू नकोस. त्याने एकही क्रॅश थांबला नाही. थांबणारही नव्हता, कारण मेमरीवरचा असा घाव पायथॉनच्या एक्सेप्टपर्यंत पोचतच नाही. उलट नुकसान झालं. मायातल्या स्क्रिप्ट एडिटर या कोडच्या खिडकीत अधूनमधून 'इंटर्नल सी प्लस प्लस ऑब्जेक्ट ऑलरेडी डिलीटेड' अशी ओळ यायची, ती यायची बंद झाली. धुराचा वास येत होता, तर आपण नाकाला रुमाल लावला.

खुर्चीमागे बसून

तिसऱ्या दिवशी तक्रार करणारीच्या खुर्चीमागे तासभर बसलो. तिला म्हटलं, "तू तुझं काम कर, मी नाहीच असं समज."

तिच्याकडे एकच मॉनिटर. पिकर उघडला की व्ह्यूपोर्टचा, म्हणजे सीन दिसतो त्या जागेचा, उजवा कोपरा झाकला जातो. म्हणून ती पिकर उघडायची, दोन-तीन कंट्रोल निवडायची, कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून बंद करायची, ॲनिमेशन करायची, पुन्हा शेल्फवरून उघडायची. मीठाचा डबा उघडावा तसा. तासाभरात दहाबारा वेळा सहज. शॉट झाला की सेव्ह, पुढचा शॉट ओपन. माया बंद करायचीच नाही. सकाळी उघडलेली माया संध्याकाळपर्यंत तीच.

मी काय करतो? माया उघडतो, पिकर उघडतो, एका सीनवर तपासतो, माया बंद करतो.

मध्येच ती सहज म्हणाली, "दुपारनंतर माया जड पण होते ना दादा. सिलेक्ट केलं की अर्धा सेकंद थांबते." ही तक्रार तिने पंधरा दिवसांपूर्वीही केली होती. मी रॅमवर ढकलली होती.

तिला थांबवलं, स्क्रिप्ट एडिटर उघडला आणि तीन ओळी लिहिल्या: क्यूॲप्लिकेशनकडून सगळ्या टॉप-लेव्हल खिडक्यांची यादी घे, ज्यांचं ऑब्जेक्ट-नेम पिकरचं आहे त्या गाळून काढ, आणि प्रत्येकीपुढे ती दिसते आहे की नाही ते छाप. उत्तर आलं: पंधरा. एक दिसणारी, चौदा लपलेल्या.

क्यूटीत फुली दाबली की खिडकी नष्ट होत नाही. ती लपते. नष्ट व्हायला हवी असेल तर 'डिलीट ऑन क्लोज' हे ॲट्रिब्यूट आपण लावायचं असतं, आणि ते मी लावलं नव्हतं. नुसत्या लपलेल्या खिडक्या थोडी मेमरी खाऊन गप्प बसल्या असत्या. माझ्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. प्रत्येक पिकर उघडताना मायाकडे नाव नोंदवायचा: निवड बदलली की मला कळव. हा कॉलबॅक काढून टाकायची ओळ माझ्या कोडमध्ये कुठेच नव्हती. मायाकडे नोंद करताना मी खिडकीचंच एक मेथड दिलं होतं, मायाने ते धरून ठेवलं, आणि मेथडने खिडकी धरून ठेवली. त्यामुळे व्हेरिएबल पुसलं तरी खिडकी मरत नव्हती.

म्हणजे ती एक कंट्रोल निवडायची आणि पंधरा पिकर जागे व्हायचे. प्रत्येकाकडे साठेक कंट्रोलची यादी. एका क्लिकला नऊशेच्या आसपास तपासण्या. दुपारनंतरचा तो अर्धा सेकंद हाच.

मग पडायची का?

जड होणं आणि पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. पडण्याचं कारण हातात यायला पायथॉनचं फॉल्टहँडलर लावावं लागलं, जे प्रोग्राम पडताना कोणती ओळ चालू होती ते नोंदवतं. हे मॉड्यूल पायथॉन ३.३पासून सोबतच येतं आणि माया २०२२मध्ये पायथॉन ३.७ आहे, त्यामुळे बाहेरून काही आणायची गरज नाही. फक्त दोन खाचा लक्षात ठेवायच्या. मायाच्या आत एरर-आउटपुट स्क्रिप्ट एडिटरकडे वळवलेलं असतं, त्याला खरी फाइल नसते, म्हणून नुसतं चालू केलं तर मॉड्यूल कुरकुरतं. त्याला डिस्कवरची एखादी फाइल उघडून द्यायची आणि ती शेवटपर्यंत उघडी ठेवायची. दुसरी खाच विंडोजची. तिथे ते अपवाद उद्भवताक्षणी नोंद करतं, तो नंतर कुणी सावरून घेतला तरी. त्यामुळे लॉगमधली प्रत्येक नोंद म्हणजे क्रॅश नव्हे; माया खरोखर पडली त्या वेळची शेवटची नोंद पाहायची.

माया उघडताना आपोआप चालणाऱ्या युजरसेटअपच्या फाइलमध्ये ते चार मशीनवर टाकलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत तीन लॉग जमा झाले. दोन तंतोतंत सारखे: ॲक्सेस व्हायोलेशन, मुख्य थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांपैकी मुख्य), आणि सगळ्यात वरची ओळ पिकरच्या निवड-बदलली या फंक्शनमधली, जिथे मी साठवलेल्या कंट्रोलचं नाव विचारतो.

कंट्रोल मी साठवले होते ते एमऑब्जेक्टच्या रूपात. एमऑब्जेक्ट हे मायाच्या आतल्या वस्तूकडे दाखवणारं बोट आहे. वस्तू मायाच्या मालकीची, बोट फक्त आपलं, आणि ते फार वेळ धरून ठेवू नये हे मायाच्या एपीआयचं जुनं पथ्य आहे. मी ते सकाळच्या शॉटपासून धरून बसलो होतो. तिने पुढचा शॉट ओपन केला की आधीच्या सीनमधले सगळे नोड, म्हणजे त्या सीनमधल्या वस्तू, गेले. समोरच्या ताज्या पिकरने नवीन यादी घेतली. लपलेल्या चौदांकडे मात्र जुन्याच याद्या. भाडेकरू खोली सोडून गेला आणि किल्ली माझ्या खिशात. नव्या सीनमध्ये तिने पहिला कंट्रोल निवडला की चौदा जण जुन्या किल्ल्या घेऊन त्या खोल्यांकडे धावले. कधी दारातच 'ऑब्जेक्ट अस्तित्वात नाही' असा सभ्य एरर मिळायचा (जो आता पास गिळत होता), कधी खोली अजून रिकामीच असायची आणि काहीच व्हायचं नाही, आणि कधी तिथे नवं बिऱ्हाड आलेलं असायचं. तेव्हा माया उडायची.

म्हणून ती दर वेळी पडत नव्हती, म्हणून टेम्पमधली प्रत ताज्या मायात ठणठणीत चालायची, आणि म्हणून 'पिकर उघडला की' हे तिला खरं वाटायचं: नवीन शॉट उघडल्यावर पहिलं काम ती पिकर उघडायचंच करायची, दुसरं काम कंट्रोल निवडायचं. माया दुसऱ्या कामावर पडायची, नाव पहिल्याचं व्हायचं. आणि पाडणारी खिडकी तर समोर नसायचीच.

तिसरा लॉग

तिसरा लॉग वेगळा होता. फॉल्टहँडलर सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोणतं फंक्शन कुणी बोलावलं त्याची यादी) छापतं आणि पडला तो कोणता हेही सांगतं. इथे पडलेला थ्रेड मुख्य नव्हता. तो थंबनेल वाचणारा थ्रेड होता.

पोझच्या थंबनेल नेटवर्कवरून येतात, वेळ लागतो, म्हणून मी त्या वेगळ्या थ्रेडमध्ये वाचत होतो. इथवर ठीक. पण वाचून झालं की त्याच थ्रेडमधून थेट लेबलवर चित्र चिकटवत होतो. क्यूटीचे विजेट, म्हणजे बटणं-लेबलं, फक्त मुख्य थ्रेडमधून हाताळायचे असतात, आणि पडद्यावर दाखवायचं चित्र, क्यूपिक्समॅप, तेही त्यातच आलं. क्यूइमेज, म्हणजे नुसतं वाचलेलं चित्र, मात्र दुसऱ्या थ्रेडमध्ये चालतं. हा नियम मला तोंडपाठ होता. थंबनेलचा भाग लिहिला त्या आठवड्यात डिलिव्हरी होती, एवढंच सांगतो. नेटवर्क संथ असलं आणि चित्रं येण्याआधी पात्र बदललं तर जुनी लेबलं पुसली जायची आणि थ्रेड हवेत चित्र चिकटवायचा.

दुरुस्ती सरळ आहे: थ्रेडमध्ये क्यूइमेज वाचायची, सिग्नलने ती मुख्य थ्रेडकडे पाठवायची, क्यूपिक्समॅप तिथे बनवायचा. मायाच्या युटिल्समध्ये दुसऱ्या थ्रेडमधून मुख्य थ्रेडवर काम सोपवायची दोन फंक्शन आहेत. त्यातलं 'एक्झिक्यूट इन मेन थ्रेड विथ रिझल्ट' हे नावाप्रमाणे उत्तर येईपर्यंत थांबतं. खिडकी बंद करताना मुख्य थ्रेड जर थंबनेलचा थ्रेड संपायची वाट बघत असेल आणि तो थ्रेड मुख्य थ्रेडची, तर दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत राहतात. मग माया पडत नाही, जागच्या जागी गोठून बसते. पडलेली परवडते, निदान टेम्पमध्ये प्रत टाकते. थांबायची गरज नसेल तिथे 'एक्झिक्यूट डिफर्ड' बरं.

काय बदललं

सगळ्यात आधी तो पास काढला. एरर पुन्हा दिसायला लागले, आणि दिवसभर नुसते ते वाचले तरी अर्धं प्रकरण उलगडलं असतं असं वाटून गेलं.

पिकर आता उघडताना आपल्या नावाची जुनी खिडकी शोधतो, सापडली तर तिला रीतसर बंद करतो आणि मग नवी बनवतो. 'डिलीट ऑन क्लोज' लावलं. नोंदवलेल्या प्रत्येक कॉलबॅकचा क्रमांक एका यादीत ठेवला आणि क्लोज-इव्हेंटमध्ये ते सगळे काढले. क्रम महत्त्वाचा: आधी कान बंद करायचे, मग खिडकी मोडायची. उलट केलं तर मोडता मोडता एखादी हाक येते. खिडकीतलंच 'बंद करा' बटण होतं, ते थेट डिलीट-यूआय, म्हणजे खिडकी नष्ट करायचा मायाचा आदेश, बोलवत होतं, म्हणजे बसलेलीच फांदी तोडणं. बटणाचं स्वतःचं फंक्शन अजून चालू असतानाच बटण नाहीसं. तेही डिफर्ड केलं, म्हणजे माया रिकामी झाल्यावर ते काम होतं.

स्क्रिप्टजॉब, म्हणजे अमुक घडलं की तमुक चालव अशी मायाकडची नोंद, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना मध्येच. त्यांना पेरेंट फ्लॅग देऊन खिडकीशी बांधता येतं, खिडकी गेली की जॉबही जातो. पण खिडकी *गेली* की. लपली की नाही. माझ्यासारखी फुली असेल तर तो फ्लॅगही कामाचा नाही. आणि वेगळं सांगितलं नाही तर स्क्रिप्टजॉब नवीन सीन उघडल्यावरही चालू राहतो.

एमऑब्जेक्टच्या जागी काय ठेवायचं यावर मात्र दोन दिवस गेले, आणि मला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. पहिला विचार यूयूआयडीचा, म्हणजे नोडच्या ओळख-क्रमांकाचा. २०१६पासून मायातल्या प्रत्येक नोडला तो असतो, साधी अक्षरं, मेमरीशी संबंध नाही, धरून ठेवायला निर्धोक. लिहूनही झालं. मग एका शॉटमध्ये एकाच शिपायाची दोन रेफरन्स (रिगची मूळ फाइल सीनमध्ये जोडून आणलेली) होती, आणि पिकरमध्ये एकाचा डावा हात दाबला की दोघांचे डावे हात निवडले जायचे. रेफरन्सच्या नोडचा यूयूआयडी मूळ रिगच्या फाइलमधून येतो, त्यामुळे तीच फाइल दोनदा आणली की यूयूआयडीही तेच दोनदा. गर्दीचे शॉट असलेल्या मालिकेत हे चालणारच नव्हतं.

शेवटी एमऑब्जेक्टहँडल. हे बोट नाही, बोट अजून कुणाकडे रोखलेलं आहे का ते सांगणारी पावती. तिला दोन प्रश्न विचारता येतात: जिवंत आहे का, आणि वैध आहे का. दोन्ही एकच वाटतात, पण तसं नाही. ॲनिमेटरने नोड डिलीट केला तरी अंडूसाठी माया तो मेमरीत ठेवते. तेव्हा तो जिवंत असतो पण वैध नसतो. आपण वैध आहे का तेच विचारायचं. नसेल तर ते बटण करडं करायचं आणि पुढे जायचं. सोबत नवीन सीन किंवा ओपनच्या आधी येणाऱ्या सूचनेवर पिकर आपली यादी स्वतःच रिकामी करतो. एवढं केल्यावर हँडलची तपासणी खरं तर दुहेरी कडी आहे. असू दे.

तपासायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी तिच्यासारखी वागते: पिकर उघड, दोन कंट्रोल निवड, बंद कर, असं वीस वेळा, मग दुसरा शॉट ओपन, आणि पुन्हा. जुन्या पिकरवर ती तिसऱ्या-चौथ्या शॉटला मायाला पाडायची, माझ्याच मशीनवर, जिथे माया 'कधीच पडत नाही'. नव्या पिकरवर रात्रभर लावून गेलो. सकाळी माया उघडी होती आणि त्या तीन ओळींनी उत्तर दिलं: शून्य लपलेल्या.

पुढच्या आठवड्यात एक क्रॅश झाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लॉग उघडला, पायथॉनची एकही ओळ नव्हती त्यात. तिने सबडिव्हिजन फारच वर नेऊन रेंडर लावला होता. पिकर सुटला.

फॉल्टहँडलर मात्र मी काढलेलं नाही, सगळ्या मशीनवर तसंच आहे. आणि तिला सांगून झालंय की आता बिनधास्त उघड. तरी पिकरच्या बटणाकडे माउस नेण्याआधी तिचा डावा हात अजून कंट्रोल-एसवर जातो.